दंड भरला, पण वाट मोकळी झाली काय?

एखाद्याने अपराध केला, त्याबद्दल ठरलेला दंडही मुकाट्याने भरला. तर प्रकरण तेथेच मिटले असे म्हणावे काय? व्यवहारात आपण बहुधा 'होय' म्हणतो. चूक झाली, शिक्षा झाली, आता पुढे चला, ही आपली रीत. परंतु या उत्तरात एक महत्त्वाची गोष्ट राहून जाते असे आम्हांस वाटते. ती कोणती हे दाखवण्यासाठी आम्ही वाचकांस आज एका अनपेक्षित ठिकाणी नेणार आहोत. ते ठिकाण म्हणजे स्नूकरचे टेबल, आणि त्या खेळातील 'फ्री बॉल' नावाचा नियम.

हा खेळ क्लबात जाणाऱ्या सुखवस्तू लोकांचा, त्याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. तथापि तो जन्मला आपल्याच देशात. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने तो सुरू केला. (पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते निराळे.) पुढे काही वर्षांनी उटकमंडच्या क्लबात त्याचे नियम लिहून लावण्यात आले. १९८४ साली ओमप्रकाश अग्रवाल यांनी, आणि २००३ साली पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणी यांनी, या खेळाचे जागतिक हौशी अजिंक्यपद भारतात आणले.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलावर १५ लाल, ६ रंगीत आणि एक पांढरा असे चेंडू असतात. खेळाडूने क्यूने, म्हणजे लांब काठीने, फक्त पांढऱ्याला मारायचे आणि त्याच्या धक्क्याने इतर चेंडू पॉकेटात घालायचे. लालचा १ गुण. पिवळ्याचे २, हिरव्याचे ३, तपकिरीचे ४, निळ्याचे ५, गुलाबीचे ६ आणि काळ्याचे ७. आधी एक लाल, मग कोणताही एक रंगीत, पुन्हा लाल, असा क्रम असतो. म्हणजे पांढऱ्याने प्रथम कोणाला शिवायचे हे दर वेळी नियमाने बांधलेले असते. अशा चेंडूला आपण येथे 'पाळीचा चेंडू' म्हणू.

पांढरा आणि पाळीचा चेंडू यांच्यामध्ये दुसरा चेंडू आडवा आला की सरळ वाट बंद होते. खेळाडू 'स्नूकर झाला' असे तेव्हा म्हणतात. प्रतिस्पर्ध्याला असे जाणूनबुजून अडकवणे हा या खेळाचा भागच आहे आणि त्यात गैर काही नाही. अडकलेल्याने टेबलाच्या कडांवरून चेंडू वळवून मार्ग शोधायचा, यातच त्याचे कसब.

आता असे समजा की पाळी लालची आहे. पहिल्या खेळाडूचा नेम चुकला. पांढरा एकाही लालला न शिवता फिरत गेला आणि काळ्याच्या मागे जाऊन थांबला. हा फाउल झाला. त्याचा दंड ४ गुण. ते प्रतिस्पर्ध्याच्या नावावर जमा झाले. हिशोब पुरा झाला असे वाटते. पण प्रतिस्पर्धी खेळायला वाकतो तो काय, समोर काळा आडवा! त्याने मारले आणि पांढरा प्रथम काळ्यालाच लागला, तर त्याला ७ गुणांचा दंड. म्हणजे ज्याने नियम मोडला त्याने ४ दिले आणि ७ घेतले. दंड भरूनही अपराध फायद्याचा ठरला.

असे होऊ नये म्हणून फ्री बॉलचा नियम आहे. फाउलनंतर पंच टेबल न्याहाळतो. पाळीच्या चेंडूंपैकी निदान एक तरी असा आहे काय, की ज्याच्या डाव्या व उजव्या दोन्ही कडांना पांढरा सरळ जाऊन लागू शकेल? तसा एकही नसेल तर पंच स्वतःच 'फ्री बॉल' असे जाहीर करतो. अडकलेल्याला तक्रार घेऊन जावे लागत नाही. मग त्या खेळाडूने टेबलावरील कोणताही चेंडू निवडावा आणि तोच आपला पाळीचा चेंडू मानावा. वरच्या उदाहरणात त्याने आडवा आलेला काळाच निवडला, तर त्या एका फटक्यापुरता काळा हा लाल समजला जातो. तो पॉकेटात गेला तर लालचा म्हणून १ गुण मिळतो, काळा पुन्हा त्याच्या जागी ठेवतात, आणि खेळाडू नेहमीप्रमाणे रंगीत चेंडूकडे वळतो. जो अडसर होता तोच वाट झाला!

येथे कोणी विचारील, 'दंडाचे गुण तर दिलेच होते. एकाच चुकीसाठी दोनदा शिक्षा कशाला?' आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. फ्री बॉल ही दुसरी शिक्षा नव्हेच. दंड पाहतो अपराध्याकडे. फ्री बॉल पाहतो ज्याची वाट अडली त्याच्याकडे. दंड विचारतो, 'याने काय केले?' फ्री बॉल विचारतो, 'त्याच्यापुढे आता काय उभे आहे?' हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि पहिल्याचे उत्तर दिल्याने दुसऱ्याचे आपोआप मिळत नाही.

आपल्या जीवनात मात्र आपण पहिल्याच प्रश्नावर थांबतो. वर्गात एका मुलाने दुसऱ्याची वही फाडली. शिक्षकांनी त्याला तासभर उभे केले. न्याय झाला असे सर्वांना वाटले. पण ज्याची वही फाटली त्याची परीक्षा उद्या आहे, आणि त्याच्या हाती अजून वही नाही. एखाद्या स्त्रीविषयी चारचौघांत खोटे बोलले गेले. बोलणाऱ्याने पुढे तिच्या घरी जाऊन हळूच माफी मागितली. माफी खरी असेल, पण ज्यांनी ते खोटे ऐकले त्यांना अजून कोणी खरे सांगितलेले नाही. तिची वाट अडलेलीच आहे. कायद्यालाही हा भेद हळूहळू उमगला. गुन्हेगाराने भरलेला दंड सरकारजमा होतो. जखमी मनुष्य रिकाम्या हाताने घरी जातो. म्हणून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत न्यायालयाला भरपाई देवविण्याचा अधिकार होता, आणि गुन्ह्याची झळ पोचलेल्यांसाठी भरपाईची योजना करण्याचे कलम तिच्यात २००८ च्या दुरुस्तीने घातले गेले. आज तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत.

दुसरा आक्षेप असा की, 'पांढरा काळ्यामागे गेला तो योगायोगाने. त्यात हेतू नव्हता.' हे खरे असू शकेल. परंतु फ्री बॉल देताना पंच हेतूची चौकशी करीतच नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात बिघडलेला समतोल पुन्हा साधणाऱ्या न्यायाचा विचार केला आहे. तो म्हणतो की तेथे मनुष्य भला की बुरा हे पाहावयाचे नसून एकाचे किती गेले आणि दुसऱ्याला किती मिळाले हे पाहावयाचे. 'मी मुद्दाम केले नाही' या वाक्याने दोष हलका होईल. समोरच्याची अडचण तसूभरही हलत नाही.

मात्र हा नियम भोळा दयाळू नाही, हेही ध्यानात घ्यावे. प्रतिस्पर्ध्याने नियमाप्रमाणे खेळून अडकवले असेल तर फ्री बॉल मिळत नाही. वाट बंद झाली एवढ्यावरून अन्याय झाला असे ठरत नाही. ती कोणाच्या तरी चुकीने बंद झाली पाहिजे. प्रत्येक अडचणीला अन्याय म्हणणारा मनुष्य खऱ्या अन्यायाची किंमत कमी करतो. तसेच, पाळीचा एक चेंडू जरी पूर्ण मोकळा असला तरी फ्री बॉल नाही, मग तो पॉकेटात घालणे कितीही कठीण असो. नियम सोय देत नाही, वाट देतो.

आणि सर्वांत मोलाची अट पुढेच आहे. फ्री बॉल मिळालेल्याने आपण निवडलेल्या त्याच चेंडूच्या आड पांढरा लपवून प्रतिस्पर्ध्याला अडकवले, तर तो स्वतःच फाउल ठरतो. (टेबलावर केवळ गुलाबी आणि काळा उरले असतील तेव्हा एवढी सूट आहे.) भरपाई म्हणून जे हाती आले त्याचे शस्त्र करावयाचे नाही! अन्याय सोसलेल्या मनुष्याला हे ऐकणे जड जाते. मला दुखवले, तेव्हा आता मी करीन ते योग्यच, असे मन म्हणते. कित्येक घरांत भावाभावांची भांडणे पिढ्यान्‌पिढ्या चालतात ती याच वाक्यावर. वाट मोकळी करून मागण्याचा हक्क आहे. त्या हक्काच्या आडून दुसऱ्याची वाट अडवण्याचा नाही.

या नियमाने सर्व काही जुळते असेही नाही. फ्री बॉलने टेबलावरची जुनी मांडणी परत येत नाही. कधी तो गेले त्याहून अधिक देतो: १५ ही लाल टेबलावर असताना मिळाला, तर एक जादा लाल मिळाल्यासारखे होते आणि एका खेपेला शक्य असलेले १४७ गुण कागदावर १५५ होतात. कधी खेळाडूचा नेम चुकतो आणि मिळालेली संधी वाया जाते. माणसांमधली भरपाईही अशीच मापात बसत नाही. काही गोष्टी तर भरूनच येत नाहीत. गेलेली वर्षे कोण परत देणार? पण पूर्ण भरपाई होत नाही म्हणून काहीच करू नये, हा निष्कर्ष नेहमी वाट अडवणाऱ्यालाच सोयीचा असतो.

म्हणून मुलांना शिकवणाऱ्यांस आमची एक विनंती आहे. मुलाकडून चूक घडली की 'माफी माग' एवढ्यावर त्याला सोडू नये. त्याला आणखी एक प्रश्न विचारावा: 'तुझ्यामुळे आता कोणाची वाट अडली आहे?' आणि ती मोकळी करण्यास त्याच्याबरोबर जावे. हाच प्रश्न थोरांनी स्वतःस विचारला, तर पूर्वीच दंड भरून मिटलेली आपली कितीतरी प्रकरणे अद्याप मिटायची आहेत असे दिसून येईल.