आधी ऐक, मग वाच

पहूर, ता. जामनेर

चि. नातीस,

गाण्याबद्दल काय ऐकू आणि काय वाचू, असं तू विचारलंस. तुला आठवतं का, लहानपणी तुला अजिंठ्याला नेलं होतं? पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात एक नर्तकी आहे, भोवती बासरी वाजवणाऱ्या, ताल धरणाऱ्या बायका आहेत. “आजोबा, या काय वाजवतायत?” असं तू विचारलंस आणि मला सांगता आलं नाही. दीड हजार वर्षं रंग टिकला, सूर गेला. त्याच डोंगरातून येणारी वाघूर आपल्या पहूरवरून वाहते, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

आधी ऐक. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी घे. जुन्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मिळायची. तास तास गाणाऱ्याला तेवढ्यात राग उभा करावा लागे, त्यामुळे एकही स्वर उगाच आलेला नसतो. ही एकच तबकडी आठवडाभर रोज ऐक. हळूहळू खरखर कानाआड होते आणि गाणं पुढे येतं. मग फैयाज खाँसाहेबांची ललत ऐक. त्यानंतर केसरबाई केरकरांची भैरवी, जी १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या तबकडीवरून अंतराळात गेली.

तिघांतला फरक तुझा तुला जाणवला की वामनराव देशपांडे यांचं ‘घरंदाज गायकी’ उघड, त्याआधी नको. वामनराव व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट, गाणं शिकले मोगूबाई कुर्डीकरांकडे. घराण्यांचा हिशेब त्यांनी स्वर आणि लय यांच्यात मांडला: स्वराच्या टोकाला किराणा, लयीकडे झुकलेलं आग्रा आणि दोहोंचा तोल साधणारं जयपूर. तू ऐकलेले तिघे याच क्रमाने या तीन घराण्यांचे. गाण्यावर इतकं धीट मराठी पुस्तक मी दुसरं वाचलेलं नाही. तरी त्यांचा कौल जयपूरला आहे आणि तो तू मुकाट्याने मानू नकोस. करीम खाँसाहेबांचा षड्ज लागला की माझं पारडं किराण्याकडे झुकतं, ते आजवर सरळ झालेलं नाही. पेन्सिल घेऊन वाच, समासात वामनरावांशी भांड.

दुसरं पुस्तक गोविंदराव टेंबे यांचं ‘माझा संगीत व्यासंग’. ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्याच. जयपूर गायकीचे अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले, पण त्यांचं ध्वनिमुद्रण नाही. भास्करबुवा बखल्यांचंही नाही. टेंब्यांनी दोघांना जवळून ऐकलं होतं. अशा गायकांपाशी पोचायला त्यांच्या शिष्यांच्या तबकड्या आणि असं एखादं पुस्तक, एवढेच रस्ते उरलेत. केसरबाई अल्लादिया खाँसाहेबांच्याच शिष्या, हे लक्षात ठेवून ती भैरवी पुन्हा लाव.

समोर बसूनही ऐक. जानेवारीत जळगावला बालगंधर्व संगीत महोत्सव असतो, तेव्हा सुट्टी काढून ये.

आता आपल्या घरचं. कवयित्री बहिणाबाई आपल्याकडच्याच, आसोद्याच्या लेक. त्यांच्या ओव्या त्यांच्या मुलामुळे, सोपानदेवांमुळे, कागदावर उतरल्या. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि पुढच्या वर्षी पुस्तक आलं. ‘मानिनी’ चित्रपटात त्यांचं ‘अरे संसार संसार’ आहे, चाल वसंत पवारांची. ती चाल मला फार आवडते, पण ती जात्यावरची नव्हे. जात्याजवळचा सूर ऐकायचा तर हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी खेडोपाडी जमवलेल्या लाखावर ओव्या आहेत. ‘पारी’ या संकेतस्थळाने त्यांतल्या पुष्कळ, म्हणणाऱ्या बायांच्या आवाजासह लोकांपुढे आणल्या. त्या ऐकताना सारखं वाटतं, बहिणाबाईंपाशी असं कुणीतरी यंत्र घेऊन बसायला हवं होतं.

म्हणून श्रावणात कानबाईच्या सणाला येशील, तेव्हा एक काम कर. रोटांचं जेवण झाल्यावर आजीला ओट्यावर बसव, पंखा बंद कर, मोबाइल तिच्याजवळ ठेव आणि तिला कानबाईची गाणी म्हणू दे. ती अडखळली तरी मध्ये बोलू नकोस. गाव, तारीख, तिचं नाव आधी तुझ्या आवाजात सांगून ठेव. गेल्या वर्षापासून तिचा आवाज वरच्या सुरापर्यंत पोचत नाही. या श्रावणात नक्की ये.

तुझे आजोबा