तेच विमान की दुसरे?

बीएई 146 या कमी पल्ल्याच्या ब्रिटिश प्रवासी जेटचा पहिला नमुना 3 सप्टेंबर 1981 रोजी इंग्लंडमधील हॅटफील्ड येथून आकाशात झेपावला. त्याची नोंदणी जी-एसएसएसएच अशी होती आणि उत्पादन क्रमांक ई1001. पुढे त्याची नोंदणी जी-एलयूएक्सई झाली आणि उत्पादन क्रमांक ई3001. नाव, क्रमांक, लांबी आणि काम या चारही गोष्टी बदलल्या, तरी त्याचा सेवा-इतिहास एकाच विमानाचा म्हणून लिहिला जातो. या एकपणाला आधार कशाचा, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे.

मूळचे विमान सुमारे 26 मीटर लांब होते. अधिक लांबीच्या 300 मालिकेचा नमुना हवा होता, तेव्हा त्यासाठी नवे विमान न बांधता याच विमानात पंखांच्या पुढे आणि मागे धडाचे नवे तुकडे बसवण्यात आले. सुमारे 31 मीटर लांबीचे हे विमान 1 मे 1987 रोजी 300 मालिकेचे ‘पहिले’ विमान म्हणून उडाले. त्यानंतर पुन्हा फेरबदल होऊन 2004 पासून ते ब्रिटनच्या वातावरण संशोधनासाठी वापरात आले. आसनांची जागा उपकरणांच्या मांडण्यांनी घेतली आणि बाहेरची हवा आत ओढणाऱ्या नळ्या धडाला जोडल्या गेल्या. 2010 मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीची राख युरोपभर पसरली, तेव्हा या विमानाने तिची मोजमापे घेतली. 2016 मध्ये ते भारतात आले. लखनौ आणि बंगळुरू येथून उड्डाणे करून, पश्चिम घाट ओलांडून अरबी समुद्रापर्यंत जात, त्याने मोसमी वाऱ्यांचा अभ्यास केला.

ग्रीक परंपरेत हा प्रश्न थिसियसच्या जहाजाच्या रूपाने येतो. अथेन्सवासी त्याच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवत राहिले. ते जहाज तेच राहिले का, यावर तत्त्वज्ञांत दुमत होते, असे प्लुटार्कने नोंदवले आहे. सतराव्या शतकात हॉब्जने पेच आणखी घट्ट केला: जुन्या फळ्या जमवून कोणी दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते?

भारतीय परंपरेत ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला रथाबद्दल विचारतो. आस म्हणजे रथ नव्हे, चाक म्हणजे रथ नव्हे. भाग एकत्र आले की व्यवहारासाठी ‘रथ’ म्हटले जाते. न्याय-वैशेषिकांना हे अमान्य आहे. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांची बनलेली अखंड वस्तू, हा अवयवांहून वेगळा आणि खराखुरा असतो. मात्र अवयव कमीजास्त झाले की जुना अवयवी नष्ट होऊन नवा निर्माण होतो, असेही ते मानतात. या हिशेबाने 1987 मध्ये एक विमान संपले आणि दुसरे जन्मले. बदललेला उत्पादन क्रमांक या मताच्या बाजूने पडतो. जैन दर्शन दोन्ही टोके टाळते. उत्पत्ती, नाश आणि स्थैर्य हे तिन्ही वस्तूत एकाच वेळी असतात. आकार जातो आणि येतो, द्रव्य टिकते.

या वादात सर्वांत मोलाची कसोटी कर्मविचारातून येते. सारे क्षणिक मानणाऱ्या बौद्धांवर प्रतिपक्षाने दोन दोष ठेवले. कर्ता क्षणात संपत असेल, तर केलेले कर्म फळ न देताच वाया जाईल, हा कृतनाश. आणि दुसऱ्याच कोणाला न केलेल्या कर्माचे फळ भोगावे लागेल, हा अकृताभ्यागम. बौद्धांचे उत्तर संतानाचे आहे. कारण-कार्याची अखंड साखळी असली की फळ त्याच साखळीत पोहोचते, त्यासाठी मागे नित्य आत्मा असण्याची गरज नाही.

विमानाच्या बाबतीत हे दोन्ही दोष प्रत्यक्ष धोके ठरतात. दाबनियंत्रित केबिन प्रत्येक उड्डाणात किंचित फुगते आणि पूर्ववत होते. त्यातून धातूला थकवा येतो. हॅटफील्डलाच घडलेल्या कॉमेट जेटपैकी दोन 1954 मध्ये याच कारणाने हवेत फुटली. म्हणून उड्डाणांचे तास आणि दाबाच्या फेऱ्या लॉगबुकात मोजल्या जातात. नाव किंवा मालक बदलला म्हणून हा हिशेब पुसता येत नाही: तो कृतनाश ठरेल. दुसऱ्याच्या तासांचा भारही लादता येत नाही. काढलेले इंजिन दुसऱ्या विमानावर चढते, तेव्हा ते स्वतःचे तास घेऊनच जाते. धडाच्या 1987 च्या तुकड्यांनी 1981 ची उड्डाणे सोसलेली नाहीत. नाकाकडच्या जुन्या भागाने ती सोसली आहेत. एकाच विमानात वेगवेगळ्या वयाच्या साखळ्या शेजारी शेजारी चालतात.

म्हणून एकपण धातूत, नावात किंवा क्रमांकात शोधणे अपुरे ठरते. पूर्वीचे केलेले ज्याला आज लागू पडते आणि ज्याचे उत्तरदायित्व मध्ये कुठेही तुटत नाही, ते ‘तेच’. माणसाचेही शरीर, नाव आणि काम बदलते. या बदलांमागे आत्मा आहे की केवळ संतान, यावर नैयायिक, जैन आणि बौद्ध यांचे एकमत झाले नाही. बदललो म्हणून केलेल्यातून सुटका होत नाही, हे मात्र तिघांनाही मान्य आहे.