मुलगा सोबतच आहे, असे समजून



संत लूकलिखित शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांच्या येशूची गोष्ट आहे. वल्हांडण सण आटोपून नाझरेथची माणसे यरुशलेमहून परत निघाली. पवित्र मरिया आणि संत योसेफ हेही निघाले. मुलगा सोबतच्या माणसांत असेलच, असे समजून ते एक दिवसाची वाट चालून गेले. मग नातेवाइकांत आणि ओळखीच्या लोकांत शोधले, तर तो कुठेच नाही! ते आल्या वाटेने परत फिरले आणि तीन दिवसांनी तो त्यांना मंदिरात सापडला.

जपमाळेतील आनंदाच्या पाचव्या रहस्यात आपण या घटनेचे मनन करतो. मनन करताना एक गोष्ट ध्यानात घेऊ. मरिया आणि योसेफ हे बेफिकीर आईबाप नव्हते. त्यांनी फक्त गृहीत धरले होते की मुलगा सोबत आहे.

आज आपल्या घरांतही हेच होत आहे. संध्याकाळी सात वाजता आपण म्हणतो, "आमचा पोरगा बाहेर भटकत नाही, घरातच असतो." तो घरात असतो हे खरे. पण दार लोटलेले, कानात इअरफोन आणि डोळे मोबाइलच्या खेळात. आई दोनदा हाक मारते, तिसऱ्यांदा ताट त्याच्यापुढे नेऊन ठेवते. पाच पावलांवर बसलेला मुलगा आपल्यापासून एक दिवसाची वाट दूर गेलेला असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. हे फक्त मुलांचेच आहे असे नाही. दुसऱ्या पाळीहून रात्री घरी आलेला बाप जेवण होताच रमीचा डाव उघडतो, तेव्हा लेकरांनाही वाटत असते की बाबा घरी आहेत!

खेळणे हे पाप आहे का?

नाही. हे प्रथम स्पष्ट सांगितले पाहिजे, नाहीतर तरुण मंडळी पुढचे वाचणारच नाहीत. संत जॉन बॉस्को यांनी खेळ आणि कसरती दाखवूनच मुलांना जवळ केले आणि प्रार्थनेकडे वळवले. भामरागड किंवा एटापल्लीकडचा मुलगा शिकायला चंद्रपूरच्या वसतिगृहात राहतो. रात्री अर्धा तास तो गावाकडच्या मित्राबरोबर मोबाइलवर एक डाव खेळतो, हसतो, बोलतो. त्यात वाईट काय आहे? दिवसभर खाणीत किंवा कारखान्यात राबलेल्या माणसालाही विरंगुळा हवाच. प्रभूनेही दमून आलेल्या प्रेषितांना एकांतात येऊन थोडी विश्रांती घ्या, असे सांगितले होते.

या बाबतीत आपल्याला एक अगदी नवे संत लाभले आहेत. संत कार्लो अकुतिस यांचा जन्म १९९१ साली लंडन येथे झाला, बालपण इटलीतील मिलान शहरात गेले आणि १२ ऑक्टोबर २००६ रोजी रक्ताच्या कर्करोगाने वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. कार्लोला संगणकाचे उत्तम ज्ञान होते. पवित्र ख्रिस्तशरीराच्या चमत्कारांची माहिती त्याने संगणकाच्या साहाय्याने जगभर पोहोचवली. त्याला व्हिडिओ गेमही आवडत. पण त्याने स्वतःला मर्यादा घालून घेतली होती: आठवड्यातून एक तास. आईने मोबाइल हिसकावून घेतला म्हणून नव्हे, तर हे आपल्याला गुलाम करू शकते हे त्या लहान वयात त्याने ओळखले होते म्हणून. संत पौलही करिंथकरांना हेच सांगतो. मोकळीक पुष्कळ गोष्टींची आहे, पण आपल्यावर कशाचीही सत्ता चालता कामा नये.

सत्ता कोणाची, हे कसे ओळखावे?

जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत गेमच्या व्यसनाचा समावेश केला आहे. ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. संघटनेने तीन खुणा सांगितल्या आहेत. पहिली, खेळावरचा ताबा सुटतो. किती वेळ खेळायचे आणि कधी थांबायचे हे आपल्या हाती राहत नाही. दुसरी, बाकी सगळ्या कामांच्या आणि आवडींच्या आधी खेळ येऊ लागतो. तिसरी, नुकसान डोळ्यांना दिसत असूनही खेळ चालूच राहतो. साधारण वर्षभर असे चालले आणि घर, शिक्षण, नोकरी यांवर त्याचा गंभीर परिणाम होऊ लागला, तर तो आजार समजावा. म्हणजे सुट्टीत दोन दिवस जास्त खेळणारा प्रत्येक मुलगा रोगी नव्हे. पण आजारी असलेल्याला "आळशी", "नालायक" म्हणून भागणारही नाही.

आपल्या भागात याला आणखी एक बाजू आहे. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरे पाळीवर चालतात. कोळसा खाणी, वीज केंद्र, सिमेंट आणि कागदाचे कारखाने हीच आपली रोजीरोटी. रात्री दोनपर्यंत खेळून सकाळच्या पाळीला डंपर चालवायला बसणारा माणूस स्वतःचाच नव्हे, तर बाजूने सायकलवर जाणाऱ्याचाही जीव धोक्यात घालतो. मार्च २०१९ मध्ये हिंगोली येथे रेल्वेरुळांजवळ पबजी खेळण्यात गुंग झालेल्या दोन तरुणांचा रेल्वेखाली सापडून मृत्यू झाला. आपला तर जंगलाचा मुलूख. पहाटे मोहफुले वेचायला किंवा मे महिन्यात तेंदूपाने तोडायला जाणाऱ्याला कान आणि डोळे दोन्ही उघडे ठेवावे लागतात. रात्रभर न झोपलेले डोळे तिथे काय कामाचे?

पैसे लावून खेळ

आता अधिक कडू विषय. मोबाइलवर पैसे लावून खेळणे हा खेळ नसून जुगार आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात, परिच्छेद २४१३ मध्ये, याबद्दल शिकवण दिली आहे. पत्ते किंवा पैज हे स्वतःहून अन्यायाचे नाहीत. पण स्वतःच्या आणि इतरांच्या गरजेचा पैसा त्यात जाऊ लागला की ते नैतिकदृष्ट्या स्वीकारता येत नाही, आणि जुगाराची ओढ माणसाला गुलाम करू शकते. तेंदूपत्त्याची मजुरी, धान विकून आलेली रक्कम, मुलीच्या नर्सिंगची फी हा सगळा गरजेचाच पैसा आहे. तो खात्यात जमा होतो आणि खाते मोबाइलमध्ये असते. घरच्यांना कळायच्या आत सगळे संपते.

आणि हे फक्त गरिबाचेच होते असे नाही. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात आपले ५८ कोटी रुपये फसवणुकीने गेल्याची तक्रार पोलिसांत केली. सुरुवातीला जिंकवायचे, मग बुडवायचे, ही या धंद्याची रीत असते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने याविरुद्ध कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र या कायद्याने शिक्षा ठेवलेली नाही, कारण तो फसलेला मानला जातो. म्हणून ज्याच्या घरी असे घडले आहे त्याने लाजेने लपवू नये.

परंतु केवळ कायद्याने भागत नाही, हे आपल्या दोन जिल्ह्यांइतके कोणाला ठाऊक असणार? गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ पासून झाली आणि २०२१ मध्ये उठली. त्यासाठी आपल्या आयाबहिणी रस्त्यावर उतरल्या, पायी चालल्या. तरीही ज्याला प्यायची होती त्याला बाटली कुठून ना कुठून मिळत राहिली. दारूचे दुकान निदान नाक्यावर होते. हे दुकान खिशात आहे आणि रात्री बारालाही उघडे असते. कायदा दुकानाला कुलूप लावील. मनाचे दार आपल्यालाच लावावे लागेल, आणि त्यासाठी देवाची कृपा व घरच्यांची साथ लागेल.

येशू कसा वाढला?

आता पुन्हा शुभवर्तमानाकडे येऊ. मुलगा सापडल्यावर मरियेने काय केले? चारचौघांत त्याला मारले नाही. तिने आधी त्याला विचारले, की तू आमच्याशी असा का वागलास. मग आम्ही दोघे किती काळजीने शोधत होतो, हे सांगितले. त्याचे उत्तर त्यांना समजले नाही, असे लूक प्रामाणिकपणे लिहितो. तरी तिने भांडण वाढवले नाही, सारे मनात जपून ठेवले. आणि येशू त्यांच्याबरोबर नाझरेथला गेला व त्यांच्या आज्ञेत राहिला.

आईबापांनो, मुलाच्या खेळातले आपल्याला काही कळत नसेल, तर त्याच्या शेजारी बसून त्याला विचारा. मध्येच मोबाइल ओढून फोडण्यापेक्षा "हा डाव किती वेळाचा आहे? तो संपल्यावर जेवायला बसू" असे म्हणा आणि तो शब्द त्याला पाळायला लावा. आणि तरुणांनो, आईचा आवाज चढतो तेव्हा त्यामागे तीन दिवसांची शोधाशोध असते, हे लक्षात असू द्या.

याच अध्यायाचे शेवटचे वचन येशूची वाढ चार बाजूंनी सांगते: ज्ञानाने, शरीराने, देवाच्या कृपेत आणि माणसांच्या कृपेत. हीच आपली तराजू आहे. रात्री झोपण्यापूर्वी आपण प्रत्येकाने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. आज अभ्यास किंवा काम नीट झाले का? शरीराला पुरेशी झोप आणि हालचाल मिळाली का? देवाशी बोललो का? घरच्यांशी, शेजाऱ्यांशी बोललो का? चारही उत्तरे "होय" असतील तर अर्धा तास खुशाल खेळावे. एक जरी "नाही" आले, तर तो अर्धा तास त्या "नाही"चा आहे.

दिवेलागणीचा दीड तास

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ग्रामसभेत एक निर्णय घेतला. रोज संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजू लागला. त्यानंतर दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. मुले अभ्यासाला बसत, मोठी माणसे वाचत, एकमेकांशी बोलत. साडेआठला पुन्हा भोंगा. आपल्या विदर्भातही तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेसाठी गावकरी दिवेलागणीला एकत्र बसत आले आहेत. मग आपल्याजवळ तर चर्चची घंटा आहे आणि वाडवडिलांनी दिलेली कुटुंबप्रार्थना आहे!

म्हणून आपण सर्वांनी मिळून एवढे ठरवू या:

१. रोज सात ते साडेआठ घरातील सर्व मोबाइल एका ठिकाणी ठेवू. सुरुवात वडिलांच्या मोबाइलपासून. पाळीवर असणाऱ्यांनी आपली वेळ घरच्यांशी बोलून ठरवावी.

२. त्या वेळेत जपमाळेचे निदान एक रहस्य एकत्र म्हणू आणि एकत्र जेवू.

३. रात्री मोबाइल झोपायच्या खोलीत नेणार नाही.

४. पैसे लावून एकही डाव नाही. पैसे गेलेच असतील तर घरी सांगू. फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करू.

५. सवय सुटत नसेल, झोप उडाली असेल किंवा मन खचले असेल, तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर बोलू. ही सेवा मोफत असून चोवीस तास चालते. डॉक्टरांकडे जाणे हा श्रद्धेचा अभाव नव्हे. आणि धर्मगुरूंचे दार कोणत्याही वेळी ठोठवावे. पापनिवेदनात सांगितलेले बाहेर जात नाही.

जी कुटुंबे आज आपल्या मुलाला शोधत आहेत, ती तिसऱ्या दिवसाच्या आधी निराश होऊन घरी परतू नयेत, यासाठी आपण एकमेकांसाठी प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू नाझरेथच्या घरात खेळलास, कष्ट केलेस आणि आईबापांच्या आज्ञेत वाढलास. आमच्या घरांत तू राहा. आमचे हात, डोळे आणि वेळ तुझ्या स्वाधीन कर. जे दूर गेले आहेत त्यांना परत आण, आणि जे शोधत आहेत त्यांना धीर दे. पवित्र मरिये, संत योसेफा, संत कार्लो, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.