खाडीवरचा थांबा
जोडून आलेल्या सुट्ट्यांत कोकणच्या सागरी मार्गाने निघालेल्या पती-पत्नींचा प्रवास खाडीपाशी, म्हणजे भरतीचे खारे पाणी नदीच्या मुखातून जिथवर आत शिरते त्या पट्ट्यापाशी, अडतो. कारण बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी आणि जयगडला शास्त्री आडवी येते, आणि मोटारींसकट माणसांना पैलतीरी नेणाऱ्या रुंद नौकेची, अर्थात फेरीबोटीची, वाट पाहावी लागते. रांगेत इंजिन बंद होते, वाट दाखवणारा मोबाइल बाजूला पडतो, आणि एरवी किराणा व कर्जाच्या हप्त्यांपुरता उरलेला संवाद (त्याला संवाद म्हणणे हेही औदार्यच) हळूहळू दुसऱ्या विषयांकडे वळतो. दाभोळहून धोपाव्याला पोहोचायला काही मिनिटेच लागतात. रांगेतला वेळ मात्र गर्दीच्या दिवशी लांबत जातो, आणि दोघांपैकी कोणालाही तो फारसा खुपत नाही.