न ओळखता दिलेले नाव

आषाढीला बोलायला सवड नसते. पाऊस, चिखल आणि गर्दी यांतच जीव गुंतलेला. माघी वारीचे तसे नाही. वाट कोरडी, ऊन कोवळे, माणसे थोडी. मागल्या माघात आमची लहानशी दिंडी दुपारच्या विसाव्याला एका पडक्या गढीमागे थांबली. तिथे एक झाड होते. अंगावर पान म्हणून नाही. बुंधा असा की सहा माणसांनी हात धरले तरी वेढा पुरा होऊ नये. साल करडी, हत्तीच्या पायासारखी. आणि फांद्यांना लांब देठांवर दुध्यासारखी फळे लोंबत होती, वरून मखमलीची लव.

दिंडीतल्या एका दहा-बारा वर्षांच्या पोराने खाली पडलेले एक फळ उचलले आणि माझ्यापुढे धरले. “बुवा, हे काय हो?”

मी तीस वर्षे मास्तरकी केली. विचारले की उत्तर द्यायचे, ही जिभेला लागलेली खोड. काहीतरी ओठावर आलेही होते, ते गिळले. का गिळले ते पुढे सांगतो. तेवढ्यात आमचे वीणेकरी आबा म्हणाले, “आरं, ही गोरखचिंच. फोड अन् खा बिनघोर.”

मी विचारले, “आबा, तुम्ही पूर्वी खाल्लीय?”

“खाल्ली न्हाय. पर नावातच चिंच हाय की! अन् गोरखनाथाचं झाड इख कशाला दील?”

दगडावर आपटून फळ फुटले. आत पांढरा, कोरडा, खडूसारखा गर, त्यात काळपट बिया. आबांनी पहिला तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला, मग पोराला दिला. आंबट लागला. सगळ्यांनी खाल्ला, मीही. थोड्या वेळाने मेंढरे घेऊन एक धनगरीण तिथून चालली होती, तिला विचारले. म्हणाली, “आमी ल्हानपणापास्नं खातो. पाण्यात कालवून पितो बी.” म्हणजे आबांचे बोलणे खरे ठरले.

खरे ठरले, पण कारणे दोन्ही खोटी. हे झाड मूळचे आफ्रिकेतले. आपल्याकडे ते गोवळकोंडा, विजापूर, वसई अशा ठिकाणी आढळते. समुद्रापलीकडून व्यापाऱ्यांबरोबर आले असे जाणते मानतात. गोरखनाथांचे नाव त्याला आपल्या श्रद्धेने दिले, आणि चिंचेशी त्याचे नाते केवळ आंबटपणाचे. शास्त्रातले त्याचे नाव अ‍ॅडन्सन नावाच्या एका फ्रेंच पंडितावरून पडले; अठराव्या शतकात तो सेनेगलमध्ये राहिला होता. बाकी फळ गुणाचे आहे. २००८ साली युरोपातही त्याचा गर अन्न म्हणून विकायला परवानगी मिळाली. आफ्रिकेतले लोक तो पिढ्यान्‌पिढ्या खातात, त्यांना कुणाच्या परवानगीची गरज पडली नाही, ही गोष्ट निराळी.

आता मी जीभ का चावली ते सांगतो.

पस्तीस वर्षांपूर्वी मी एका खेड्यात शिक्षक होतो. शाळेलगतच्या मळ्याला मोगली एरंडाचे कुंपण होते. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून शेतकरी ते बांधावर लावतात. नाव मोगली, पण झाड मध्य अमेरिकेकडचे. फळ हिरवे, पुढे पिवळे, मग वाळून काळे. आत तीन बिया. मधल्या सुट्टीत मुलांनी विचारले, “गुरुजी, हे काय?” मला ठाऊक नव्हते. ठाऊक नाही म्हणायला लाज वाटली. बी फोडून पाहिले, आत पांढरा दाणा. म्हणालो, “रानबदाम दिसतोय.” एवढेच. खा म्हणालो नाही, खाऊ नका असेही म्हणालो नाही.

त्याची चव गोडसर लागते, तोच घात. अकरा मुलांनी खाल्ले. तासा-दोन तासांत घशाची आग, ओकाऱ्या, जुलाब. बैलगाडी, मग ट्रक, मग दवाखाना. सलाईन लागली. देवाची दया, तिसऱ्या दिवशी सगळी घरी आली. गाव संतापले आणि त्या मळेवाल्याचे कुंपण रातोरात तोडून जाळले. बिचारा हात जोडून उभा होता. मुलांनी माझे नाव घेतले नाही. गुरुजींविषयी कसे सांगायचे, असे त्यांना वाटले असेल. मीही घेतले नाही.

तर प्रश्न असा. आबांनी न जाणता नाव दिले, मीही न जाणता दिले. त्यांच्या बोलण्याचे फळ आंबट निघाले, माझ्या बोलण्याचे विषारी. मग दोष कशाला लागतो, बोलण्याला की फळाला? दिंडीतले एक कीर्तनकार त्या दुपारी म्हणाले, “हेतू शुद्ध होता ना? मग पाप नाही.” मला हे पटत नाही. लाज झाकायची हा काही शुद्ध हेतू नव्हे. आणि निव्वळ परिणामावर दोष ठरवायचा, तर मुलांनी त्या दिवशी बिया खिशात ठेवून विसरून गेली असती तर मी निर्दोष ठरलो असतो. माझे बोलणे तर तेच राहिले असते.

न्यायशास्त्रात उपमान नावाचे प्रमाण सांगतात. नगरातल्या माणसाला रानातला माणूस सांगतो की गवय हा गाईसारखा असतो. पुढे रानात तसा पशू दिसला की याने ओळखावे, हाच गवय. ध्यानात घ्यावे की सांगणाऱ्याने गवय डोळ्यांनी पाहिलेला असतो. आबांनी चिंचेवरून ओळखले, मी बदामावरून. पण आम्हा दोघांच्याही मागे पाहिलेला माणूस कुणी नव्हता. चरकाचार्यही सांगतात की वनस्पतींची नावे-रूपे मेंढपाळ, गुराखी, रानातले लोक यांना ठाऊक असतात. आणि त्यावर लगेच बजावतात की नुसते नाव-रूप कळले म्हणजे उपयोग कळला असे नव्हे. त्या धनगरणीला नावही ठाऊक होते की नाही कोण जाणे, तिने खाल्लेले होते.

तुम्ही म्हणाल, कुणीतरी पहिल्यांदा न जाणताच खाल्ले असेल ना? होय. त्याच्या धाडसावर आपण सगळे जेवतो. इथेच मला आबांत आणि माझ्यात फरक दिसतो. त्यांनी पहिला तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. मोगली एरंड असता तर त्याने पोर वाचले नसते, कारण ते विष लगेच कळत नाही, दोघेही आजारी पडले असते. पण आबा त्याच्या शेजारच्या खाटेवर असते. दुसऱ्याचे कुंपण जळताना लांब उभे नसते.

हे सगळे मी त्या पोराला वाटेने चालता चालता सांगितले. मोठ्यांपुढे सांगायचा धीर झाला नव्हता. त्याने गोरखचिंचेच्या चार बिया उपरण्याच्या गाठीत बांधल्या होत्या, त्या चाचपत ऐकत होता. मग म्हणाला, “बुवा, मग त्या मळेवाल्याला तुम्ही सांगितलंत का?”

नाही, म्हटले. त्याला जाऊन बारा वर्षे झाली. मुलगा तिथेच मळा करतो.

“मग त्याला?”

मी म्हटले, पंढरीहून परत येताना जाईन. त्या वेळी गेलो नाही. चैत्रात गेलो. बांधावर आता तारेचे कुंपण आहे. मुलाने चहा केला, सारे ऐकून घेतले, आणि विचारले, “बाबा असताना का नाही आलात?”