दोन किलोमीटर आणि एक खोली

एका व्याख्यानमालेत एका नामवंत वक्त्यांनी डेटिंग अ‍ॅपांवर तासभर तोफ डागली. मोबाइलवर जवळपासचं माणूस हुडकायचं, संध्याकाळ काढायची आणि विसरून जायचं, या चालीनं कुटुंबसंस्थेला सुरुंग लावला, असं त्यांचं म्हणणं. श्रोते बहुतेक साठीपुढचे, त्यामुळे टाळ्यांना तोटा नव्हता. तेवढ्यावर भागलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. पण जाता जाता ते म्हणाले, की हे पाहून र. धों. कर्व्यांनीही कानाला खडा लावला असता.

कर्व्यांना साक्षीला बोलावणाऱ्यानं जरा जपून असावं. तो साक्षीदार उलटतो.

१९२१ साली या माणसानं मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी याच पायी गेली. जुलै १९२७पासून १९५३ साली मरेपर्यंत पदरमोड करून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. त्यातल्या मजकुरावरून १९३४ साली भरलेल्या अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दोनशे रुपये दंड बसलाच. गुन्हा काय, तर वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारले आणि यांनी सरळ उत्तरं दिली. विचारणारे अनोळखी, सांगणाराही परका, आणि विषय असा की घरात कुणाकडे काढायची सोय नाही. आजच्या मोबाइलवर याहून वेगळं काय चालतं?

नीतीची कर्व्यांची फूटपट्टी गणिताच्या मास्तरला शोभेल अशी होती. दोघं सज्ञान हवीत, दोघं राजी हवीत, नको असलेला गर्भ राहू नये, रोग लागू नये. एवढं साधलं, तर तिसऱ्यानं नाक खुपसायचं कारण नाही. आणि पुरुषाला जी मुभा, ती बाईलाही. लग्नाचा शिक्का या हिशेबात कुठेच बसत नाही. संबंध टिकाऊ आहे की संध्याकाळपुरता, हेही त्यांच्या लेखी तपासणीचं कलम नव्हतं. कानाला खडा त्यांनी लावला असता खरा, पण वक्त्यांचं भाषण ऐकून.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळतो. टिंडर म्हणजे कर्व्यांचं अपुरं स्वप्न, असं आमचे काही उत्साही स्तंभलेखक मानतात. कर्व्यांच्या केंद्रातून माणूस शहाणा होऊन बाहेर पडावा, अशी अपेक्षा होती. अ‍ॅपच्या मालकाला माणूस बाहेर पडलेला परवडत नाही; त्याचा पैसा वर्गणीतून येतो आणि वर्गणी आशेवर चालते. शिवाय टिंडर आलं २०१२ साली. माणूस किती अंतरावर आहे हे दाखवायची युक्ती ग्राइंडरनं २००९मध्येच रुळवली होती, आणि ती समलिंगी पुरुषांसाठी होती. उघड्यावर भेटणं ज्यांना धोक्याचं, त्यांनाच जवळचं माणूस ओळखण्याची निकड सर्वांत आधी भासली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८च्या निकालापर्यंत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ त्यांच्या मानेवर होतं. भेटायला बोलावून लुबाडणारे त्याच अ‍ॅपवर टपलेले असत. लुटला गेलेला ठाण्याची पायरी चढणार नाही, याची त्यांना खात्री असे.

एक गोष्ट मात्र मी अ‍ॅपच्या पदरात टाकतो. २०२२च्या अखेरीपासून टिंडरवर आपल्याला काय हवंय ते नोंदवता येतं: कायमची सोबत, थोड्या दिवसांची मौज, की अजून ठरत नाहीये. ‘थोड्या दिवसांची मौज’ असं उघड नोंदवणारा मुलगा मला स्थळाच्या बायोडेटावर ‘निर्व्यसनी’ लिहून घेणाऱ्यापेक्षा बरा वाटतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ६९ हे १ जुलै २०२४पासून लागू झालं. त्यानुसार लग्नाचं खोटं वचन देऊन संबंध ठेवला, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. वचनच न देणारा या कलमाला कशाला भ्यावा?

पण इथे माझीच गाडी अडते. दोघं राजी, हे कर्व्यांनी गृहीत धरलं आणि मीही धरलं. कॅफेत पहिल्यांदा भेटायला निघालेली मुलगी काय काय करते ते पाहा. मैत्रिणीला लाइव्ह लोकेशन पाठवते. समोरच्याचे फोटो दुसरीकडून चोरलेले नाहीत ना, हे पडताळते. स्वतःचं आडनाव सांगत नाही. तासाभरानं मैत्रिणीचा फोन येईल अशी व्यवस्था करून ठेवते. मुलगा परफ्यूम मारून निघतो. मुभा दोघांना सारखी असेल, जोखीम नाही.

वसईच्या एका तरुणीचा दिल्लीत खून झाला, ज्याच्यावर आरोप आहे त्याची ओळख अ‍ॅपवरची, हे २०२२च्या नोव्हेंबरात उघड झालं. राज्य सरकारनं काय केलं? दोघांचे धर्म वेगळे, एवढंच पाहून १३ डिसेंबरला आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांवर लक्ष ठेवणारी समिती नेमली. ओरड झाल्यावर ‘आंतरजातीय’ गाळलं, ‘आंतरधर्मीय’ ठेवलं. तरुण मुलींनी अनोळखी माणसाला भेटताना मदत कुणाकडे मागायची, हा प्रश्न होता तिथेच राहिला.

आणि भेटायचं कुठे? मोबाइल सांगतो दोन किलोमीटर. मुंबईत त्या दोन किलोमीटरमध्ये सगळं मिळतं, दार लावून बसायला खोली मिळत नाही. घरात पाच माणसं. बोरिवलीत एका सोसायटीबाहेर २०२१ साली रस्त्यावरच ‘नो किसिंग झोन’ रंगवलं गेलं. लॉजवर जावं, तर आधार कार्डावर मुंबईचा पत्ता दिसताच गल्ल्यावरचा माणूस मान वर न करता म्हणतो, ‘लोकल आयडी चालत नाही.’ अविवाहितांना खोली देऊ नये असा कायदा नाही, हे मद्रास उच्च न्यायालयानं २०१९मध्ये स्पष्ट केलंय. तरी ओयो या हॉटेलसाखळीनं जानेवारी २०२५मध्ये मेरठपासून नात्याचा पुरावा मागायला सुरुवात केलीच.

खोली मिळाली तरी सुटका नाही. ऑगस्ट २०१५मध्ये पोलिसांनी मुंबईतल्या मढ आणि अक्सा इथल्या हॉटेलांतून चाळीसेक जोडपी उचलली. बंद खोलीतल्या माणसांवर कलम कोणतं लावलं? सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. दंड बाराशे रुपये. काहींना घरी फोन करायला लावले. त्या जोडप्यांनी कुठला कायदा मोडला होता, हे आजवर कुणी मला पटवून दिलेलं नाही.

तरुण मुलींची एवढी काळजी असेल, तर गृहखात्यानं एक करावं. अ‍ॅपवर भेटलेल्या माणसाविरुद्ध सज्ञान मुलगी तक्रार घेऊन आली, तर तिच्या संमतीवाचून ठाण्यातून तिच्या बापाला फोन जाणार नाही, असा आदेश काढावा. त्यासाठी समिती नेमावी लागत नाही. एक परिपत्रक पुरतं.