‘काही नाही’ हे उत्तर

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साहून परतल्यावर आमच्या घराच्या पडवीत सारे कुटुंब जमत असे. चहाची किटली आणि करंज्यांचे ताट फिरे. एखादा चुलता शेजारच्या गावच्या कुणाची नक्कल करी आणि हशा पिके. त्या हशाच्या कडेला माझे वडील बसलेले असत. सगळे हसले की क्षणभर उशिरा तेही हसत आणि मग शेजारी बसलेल्याकडे किंचित झुकून विचारीत, “काय म्हणाला तो?” शेजारी बहुधा मीच असे. माझे उत्तर ठरलेले होते : “काही नाही, बाबा.”

बाबांना जाऊन आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मुलगा म्हणून माझ्या हातून घडलेल्या चुका पुष्कळ आहेत आणि त्यांतील बऱ्याच मी योग्य जागी, गुडघे टेकून सांगितल्या आहेत. हे दोन शब्द मात्र मी कधीच सांगितले नाहीत. ते सांगण्यासारखे आहेत, हेच मला उशिरा कळले. म्हणून आज हा प्रश्न वाचकांपुढे ठेवतो : ज्याला ऐकू येत नाही, त्याला न सांगणे हे पाप आहे काय?

बाबांचे कान वयाने गेले नव्हते, ते परळच्या एका गिरणीत गेले. वसईहून पहाटेची गाडी पकडून ते साचेखात्यात कामाला जात. शेकडो साचे एकाच वेळी चालू, प्रत्येकाचा धोटा इकडून तिकडे आपटणारा. अशा खात्यात आवाजाची पातळी शंभर डेसिबेलच्या आसपास असते. आपले साधे संभाषण साठाच्या घरातले. डेसिबेलचे गणित असे, की दर दहा अंशांना ध्वनीची शक्ती दसपट होते. म्हणजे त्या खात्यातला आवाज आपल्या बोलण्याच्या चाळीस अंश वर, अर्थात दहा हजार पट. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी नव्वद डेसिबेलची मर्यादा घातलेली आहे आणि आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्याने व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य केलेला आहे. पण कानात कापसाचा बोळा घालण्यापलीकडे बाबांच्या वाट्याला काही आले नाही. खात्यात बोलणे हातवाऱ्यांनी चाले. १९८२ च्या संपानंतर गिरणीचे दार त्यांच्यासाठी पुन्हा उघडले नाही. भविष्य निर्वाह निधीचे थोडे पैसे घरी आले, कान आले नाहीत. त्या कानांच्या मोबदल्यात आम्ही चार भावंडे शिकलो, ही गोष्ट ‘काही नाही’ म्हणताना मला एकदाही आठवली नाही.

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक इवलासा अवयव असतो. त्यात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. शंखाच्या दाराशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे स्वर टिपतात आणि मोठ्या आवाजाने असो वा वयाने, बहुधा त्याच आधी जातात. याचा परिणाम विचित्र होतो. भाषेतले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ हे खालच्या पट्टीतले आणि दणकट. ते ऐकू येत राहतात. क, त, प, स, श ही व्यंजने वरच्या पट्टीतली आणि दुबळी, ती गळतात. ‘पाट आण’ म्हटले काय नि ‘ताट आण’ म्हटले काय, बाबांना दोन्ही सारखेच. आवाज येतो, शब्द येत नाही. “ऐकू येतं रे, कळत नाही,” असे ते म्हणत, आणि आम्हाला ती सबब वाटे.

दुसरी एक गोष्ट याहून अन्यायाची. आपण हळू बोललो तर त्यांना ऐकू येत नसे; चढ्या आवाजात बोललो, की “ओरडतोस कशाला?” म्हणून ते चिडत. आम्ही याला म्हातारपणाचा तऱ्हेवाईकपणा समजत होतो. वस्तुतः केसपेशी गेलेल्या कानात ‘ऐकू येत नाही’ आणि ‘सहन होत नाही’ या दोन टोकांमधली जागाच आखडून जाते. थोरल्या भावाचा आवाज भरदार, तो त्यांना समजे. माझ्या पत्नीचा आवाज नाजूक, तो समजत नसे. उजेडात, समोरासमोर, ओळखीच्या विषयावर बोललेले कळे. स्वयंपाकघरातून भांड्यांच्या खणखणाटात विचारलेले कळत नसे. यावरून घरात आणि शेजारात एक निर्णय केव्हाच झाला होता : “म्हाताऱ्याला पाहिजे तेवढं बरोबर ऐकू येतं!” हे वाक्य ज्या घरात उच्चारले गेले नाही, असे बहिऱ्या माणसाचे घर मी अजून पाहिलेले नाही. चौकशी न करता दिलेला हा निकाल आहे आणि आरोपीला तो ऐकूही येत नाही.

इथेच मला लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातील आज्ञा आठवते. बहिऱ्याला शाप देऊ नये आणि आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, अशा दोन गोष्टी तिथे एकाच वचनात सांगितल्या आहेत. दुसरी सहज पटते. आंधळा अडखळून पडेल, त्याला लागेल. पण पहिली? बहिऱ्याला दिलेला शाप त्याला ऐकूच जात नाही. त्याचे मन दुखावत नाही, झोप उडत नाही, त्याच्या ताटातला एक घासही कमी होत नाही. मग मनाई कशासाठी? मला वाटते, या आज्ञेत एक मोठा विचार आहे. एखाद्याचा अपमान झाला की नाही, हे त्याला कळले की नाही यावर अवलंबून नसते. माणसाचा मान त्याच्या कानावर टांगलेला नाही. तो देवाने दिलेला आहे, आणि त्याला न कळता तो हिरावून घेणे ही लबाडी अधिक नीच आहे, कारण तिथे प्रतिकाराची सोयच नाही.

‘काही नाही’ हा शाप नव्हे, हे मान्य. पण त्याची जात तीच आहे. पडवीत काहीतरी घडलेले असते, त्यात बाबांचा वाटा असतो आणि तो वाटा मी परस्पर रद्द करतो. काय गमावले हे त्यांना कळत नाही, म्हणून मला चोरीसारखे वाटत नाही, इतकेच.

कुणी म्हणेल, हे फार ताणणे झाले. प्रत्येक क्षुल्लक विनोद पुन्हा कोण सांगत बसणार? विनोद दुसऱ्यांदा सांगितला की त्याचा चोथा होतो. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. ज्याने बहिऱ्या माणसाबरोबर दिवस काढले आहेत, त्याला तो थकवा ठाऊक आहे. माझ्या आईने प्रत्येक वाक्य दोनदा बोलत तीस वर्षे काढली. तिचा मूळचा मऊ आवाज शेवटी शेवटी राठ झाला होता. एकदा ती बोलून गेली, की नवऱ्याशी हळू आवाजात बोलून तिला युगे झाली. दिवा मालवल्यावर पती-पत्नी जे दबक्या आवाजात बोलतात, मुलांविषयी, पैशाविषयी, एकमेकांविषयी, ते आमच्या घरात बोलताच येत नव्हते. बोलले तर भिंतीपलीकडे जाई. बहिरेपण एकाच्या कानाला होते आणि दोघांच्या आयुष्याला लागते. तेव्हा थकवा खरा आहे. पण तो वाटून घ्यायला आम्ही चौघे होतो आणि वाटून घेतला नाही, हेही तितकेच खरे.

बाबांनी पापनिवेदनाला, त्यांच्या पिढीच्या शब्दांत ‘कुमसाराला’, जाणे सोडले तेव्हा आईला फार वाईट वाटले. देवावरचा त्यांचा विश्वास उडाला, असा तिचा समज झाला. कारण निराळे होते. जाळीपलीकडून धर्मगुरू हलक्या आवाजात बोलत. ते बाबांना कळत नसे. आणि स्वतःचा आवाज किती मोठा होतो आहे याचा अंदाज नसल्याने त्यांची पापे मागे रांगेत उभ्या असलेल्या अर्ध्या गावाला ऐकू जात. एकदा पोरे हसली. त्यानंतर बाबा मिस्साला जात, ख्रिस्तप्रसादाच्या वेळी मात्र बाकावरच बसून राहत. चार वर्षे हे चालले. धर्मग्रामात नवे आलेले एक फादर एका शनिवारी घरी आले, काही न विचारता बाबांना घेऊन चर्चच्या मागच्या आंब्याखाली गेले आणि दोन खुर्च्या समोरासमोर मांडून बसले. किती वेळ बसले ते मला माहीत नाही. बाबा परत आले ते विहिरीवर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशूने एका बहिऱ्या, तोतऱ्या माणसाला बरे केल्याची कथा आहे. आपल्याला तिच्यातला ‘एफ्फाथा’ हा शब्द आठवतो. स्नानसंस्काराच्या विधीतही त्याची खूण आहे. पण त्या शब्दाच्या आधी मार्कने एक साधा तपशील नोंदवला आहे : प्रभू त्याला गर्दीतून बाजूला, एकांतात घेऊन गेला. मग कानांत बोटे घातली, जिभेला स्पर्श केला, वर पाहून उसासा टाकला. म्हणजे ऐकू न येणाऱ्याला आधी डोळ्यांना आणि त्वचेला कळेल अशा भाषेत सांगितले. चमत्कार आपल्या हाती नाही. गर्दीतून बाजूला नेणे आहे. चर्चच्या कायद्यानेही वाट मोकळी ठेवलेली आहे. दुभाष्यामार्फत पापनिवेदन करता येते आणि गुप्ततेचे बंधन दुभाष्यालाही लागू होते.

श्रद्धा ऐकण्याने येते, असे संत पौल रोमकरांस लिहितो. त्याचा शब्दशः अर्थ घेऊन जन्मतः बहिऱ्यांना श्रद्धेची दारे बंद आहेत असे मानणारेही होऊन गेले. त्यांना उत्तर मिळाले ते पुष्कळदा चर्चच्याच माणसांकडून. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये पेद्रो पोन्से दे लेओन या बेनेडिक्टाइन संन्याशाने बहिऱ्या मुलांना लिहावयास व बोलावयास शिकविले. संत फ्रान्सिस द सेल्स यांनी एका बहिऱ्या तरुणाला खुणांनी धर्मशिक्षण दिले. म्हणून ते बहिऱ्यांचे आश्रयदाते संत. आपल्या मुंबईत १८८० च्या दशकाच्या मध्यास भारतातली मूकबधिरांची पहिली शाळा निघाली, ती बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने. जन्मतः बहिऱ्या असलेल्या कित्येकांची स्वतःची खुणांची भाषा असते, त्यांचे जग अपुरे नसते, हे येथे नमूद केले पाहिजे. मी लिहितो आहे ते ज्यांचे ऐकणे हातातून निसटले त्यांच्याविषयी.

ते थोडे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे त्रेचाळीस कोटी लोकांना श्रवणदोषासाठी उपचाराची वा साहाय्याची गरज आहे, आणि ज्यांना श्रवणयंत्राचा उपयोग होईल त्यांपैकी पाचातल्या एकाकडेही ते नाही. आपल्याकडे काहीच नाही असे नव्हे. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. गरजूंना साहाय्यक साधने देण्याची केंद्र सरकारची योजना त्याही आधीची, १९८१ ची. पण संस्था शहरात, आणि सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला दोन गाड्या बदलून तिथवर नेणारे माणूस घरात लागते. बऱ्याचदा तर तिथवर जाण्याचीही गरज नसते. मळ साचून कान बंद झालेला असतो आणि घरात कोणीतरी गरम तेल ओतून तो आणखी बिघडवत असते.

शिबिरांविषयी थोडे स्पष्ट बोलतो. हार, भाषण, छायाचित्र, पन्नास यंत्रांचे वाटप. महिन्याभराने त्यांतली किती कानांवर असतात ते कोणी पाहात नाही. चष्मा घातला की त्याच क्षणी दिसते. यंत्राचे तसे नाही. ते पंख्याची घरघर आणि बशांचा आवाजही मोठा करते. मेंदूला ते निवडून घ्यायला आठवडे, कधी महिने लागतात. साचा कानाच्या मापाचा नसेल तर शिट्टी वाजते. सेल संपले की गावात मिळत नाहीत. बाबांना दिलेले यंत्र खिशात ठेवायच्या डबीचे होते. सदऱ्याला घासून ते खरखरे. “लोक डबीकडे बघतात,” म्हणून त्यांनी ते ओव्हरीच्या खणात ठेवून दिले. चष्म्याने माणूस शिकलेला दिसतो, यंत्राने म्हातारा. हा अभिमान त्यांचा होता, त्यात दोष त्यांचाही होता. कमी ऐकू येणाऱ्यानेही आपल्या बाजूने दोन पावले टाकायची असतात. पण यंत्र दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी, पंधराव्या दिवशी, तिसऱ्या महिन्यात कुणी त्यांच्याकडे आले असते, तर ते खणात गेले असते असे मला वाटत नाही. धर्मग्रामातल्या दोन तरुणांना हे काम शिकवणे अवघड नाही. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद घरी नेणारे आपल्यात आहेतच.

दोन वर्षांपूर्वी माझी तपासणी झाली. आलेखावरची रेघ डावीकडून सरळ येते आणि उजवीकडे घाटासारखी उतरते. डॉक्टरीणबाई समजावू लागल्या, तेव्हा मी म्हणालो, मला ठाऊक आहे, व्यंजने जातात. आता दोन्ही कानांत यंत्रे आहेत. पडवीतल्या गर्दीत ती फारशी उपयोगी पडत नाहीत.

परवा रविवारी जेवणे चालू असताना सगळे खळखळून हसले. मीही हसलो, क्षणभर उशिरा, हे माझ्या ध्यानात आले. सुनेकडे वळून विचारले, “काय झालं गं?”

“काही नाही, पप्पा.”

मी पुन्हा विचारले. तिने माझ्याकडे पाहिले, हातातला घास ताटात ठेवला, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि सावकाश सांगितले : मांजराने अंगणात वाळत घातलेला बोंबील पळवला, आणि धाकटा नातू त्याच्यामागे धावताना कोंबड्यांच्या खुराड्यात पडला.